चौदाशे बारा वाक्यं

५ जानेवारी

प्रिय घुम्या,

फोन सोडून ताई पत्रं कशाला लिहायला लागली, असं वाटलं असेल तुला. फोनवर मला रडू येतं, आणि आमच्या घराच्या भिंती म्हणजे नावाला भिंती. पलीकडच्या खोलीत ह्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसून लिहितेय. हे बाहेर दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना रिव्हर्स शिकवतायत. बाईंनी आत्ताच कुंपणाला दुसऱ्यांदा धडक दिली. लोकांच्या तोंडात करवत घालताना हात कापत नाही म्हणे, इथे मात्र स्टिअरिंग धरलं की दरदरून घाम.

डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं. आधी ह्यांची जीभ आणि घसा जाणार, मग हात, मग बाकीचं. बोलणं मे महिन्यापर्यंत टिकलं तरी पुष्कळ. आम्ही दवाखान्याचा जिना उतरत होतो, तर हे म्हणतात, "चला, भांडणात आता तूच जिंकणार." मी तिथेच पायरीवर बसले रे. माणसं बाजूने जात होती आणि मी बसले होते.

तर आता मुद्द्याचं. तिथल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी ऑक्टोबरातच एक मार्ग सुचवला होता. आवाज आहे तोवर सोळाशे वाक्यं वाचून कॉम्प्युटरवर साठवायची. त्यांवरून एक कंपनी ह्यांचा आवाज तयार करून देते. पुढे बोलता येईनासं झालं की हे बटणं दाबणार आणि यंत्र ह्यांच्याच आवाजात बोलणार. नोव्हेंबरपासून सुरुवात केलीय, दोनशे दहा झाली. शिकवायची गाडी शेडमध्ये उभी करायची, काचा वर करायच्या, ऑफिसच्या खिडकीतून माइकची लांब वायर गाडीत घ्यायची. एवढी शांतता अख्ख्या घरात नाही.

वाक्यं कसली, काय सांगू! "निळी छत्री कपाटावर आहे." "माझ्या बहिणीला दोन मांजरं आहेत." ह्यांना कुठली बहीण? आपल्या मनाचीही घातली तरी चालतात, त्यामुळे हे सुटलेत. "क्लच हळू सोडा, तो पळून जात नाहीये." "अगं, चष्मा कुठे ठेवलास?" चष्मा डोक्यावरच असतो, पण ते वाक्य आधी हवं म्हणाले, रोज लागतं.

तुमच्या कंपनीची नवीन सिस्टिम येणार म्हणून रस्त्यावर मोठाले फलक लागलेत. आमचा कॉम्प्युटर मधेच गोठतो आणि वाक्य वाया जातं. कधी येतेय ते कळव.

ताई


१९ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र तीनदा वाचलं. काय लिहावं कळत नाही. तुला माहीतच आहे मी कसा ते.

माइक उत्तम आहे. दाजींनी नोव्हेंबरात तपासून बघायला म्हणून मला एक आवाज पाठवला होता. "मेहुणे, ऐकू येतंय का? येत असलं तर बोला की काहीतरी!" मी नुसता अंगठा पाठवला. त्यावर दाजींनी रागावलेला चेहरा पाठवला होता.

तू कॉपीबद्दल काही लिहिलं नाहीस. एक दुसरी डिस्क घे आणि कॉम्प्युटरला लावूनच ठेव. रोज संध्याकाळी सगळ्याची आपोआप नक्कल होईल, तुला काही करायला नको. वायर काढू नकोस, नाहीतर विसरशील.

नवीन सिस्टिम दहा एप्रिलला येतेय. माझं काम तू नेहमी विचारतेस. आमच्या खोलीत आम्ही सहा जण. आपल्याच घराभोवती चोरासारखं फिरायचं, कुठली कडी सैल आहे, कुठली खिडकी बाहेरून उघडते, ते बघायचं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणून पगार देऊन चोर ठेवलेत. गेल्या आठवड्यात मला एक खिडकी सापडली. कुणी मेलवर नुसता एक फोटो पाठवला, तर सिस्टिम त्याचं छोटं चित्र आपणहून बनवते. तेवढ्यानेच बाहेरचा माणूस आत येतो. फोटो उघडायलाही लागत नाही. आमच्या खोलीत चार वर्षांत एवढं मोठं कुणाला सापडलं नव्हतं. मी त्या दिवशी एकटाच कँटीनमध्ये जाऊन दोन कप कॉफी प्यायलो.

हे खरं तर बाहेर सांगायचं नसतं. पण तुला सांगून तुला काय कळणार!

दाजींना म्हणावं, डॉक्टरीणबाईंना आधी रिकाम्या मैदानात न्या.

घुम्या


११ मार्च

प्रिय घुम्या,

मला काय कळणार? अरे, तुला बोट धरून शाळेत कोण सोडत होतं? सगळं कळलं. फोटोची खिडकी, बाहेरचा माणूस. ह्यांना वाचून दाखवलं तर केवढे खूश झाले! येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगतात, "आमच्या मेहुण्याने पकडली ती चूक." बोलणं आता जड झालंय, "मेहुण्याने"मधला ण नीट येत नाही, पण सांगायचं काही सोडत नाहीत.

मला आपल्या लाल खुंटीची आठवण झाली. रोज सकाळी हे गाडी तपासतात ना, ब्रेक, दिवे, टायर. बारीकसं काही निघालं तरी किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नाही, लाल खुंटीवर. मग ती किल्ली कुणीही काढायची नाही, दारात दहा जण उभे असले तरी. एकदा तू काढली होतीस आणि ह्यांनी तुला आठ दिवस गाडीत बसू दिलं नव्हतं, आठवतं? तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीत खुंटी केवढी असेल! तू चूक दाखवलीस म्हणजे किल्ली त्या खुंटीवर गेलीच. आता नीट झाल्याशिवाय कशाला बाहेर येईल. मला मनातून फार बरं वाटलं. आईबाबा असायला हवे होते.

नऊशे चाळीस झाली. एका बैठकीत पंचवीस व्हायची ती आता बारावर आली. एक वाक्य चार-चारदा म्हणावं लागतं. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, चौदाशे झाली तरी आवाज बऱ्यापैकी बनेल, तेवढी झाली की आणून द्या. पण हे ऐकतील तर शपथ. "अर्ध्या कोर्सवर मी कुणाला परीक्षेला पाठवत नाही," म्हणाले. बाईंना हसू आलं, मला संताप.

दहा एप्रिलला आल्या आल्या तुमची सिस्टिम घालणार आहे. घालू ना? तूच काय ते सांग, तुझ्याशिवाय मी त्या डब्याला हात लावत नाही. आणि हो, डिस्क घेतली. लावूनच ठेवलीय, वायर कुणाला हलवू देत नाही. तिच्यावर कागद चिकटवलाय: हात लावाल तर याद राखा.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. इथे फार गडबड आहे. हवाही एकदम तापलीय.

सिस्टिमचं म्हणशील तर तशी घाई काही नाही. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याला जड होईल. थोडे दिवस थांबलात तरी चालेल. मेच्या मध्यावर घाला हवं तर. तेव्हा मी सवडीने सांगेन कशी घालायची ते.

मागच्या पत्रात मी कामाबद्दल जरा जास्तच लिहिलं. ते कुणाला सांगू नका. दाजींनाही म्हणावं, शिकणाऱ्यांना सांगू नका. आता आम्हा सगळ्यांची एका कागदावर सही घेतलीय, कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

दाजींची वाक्यं लवकर द्या बाईंना. सोळाशेच्या हट्टाला पेटू नका. हे मात्र मनावर घे, ताई.

प्रकृतीला जपा. गाडीचं हँडब्रेकचं काम झालं का?

घुम्या


१४ एप्रिल

प्रिय घुम्या,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस रे? हवा तापलीय, हँडब्रेक झाला का! तुझी ताई आहे मी. पत्रात काहीतरी दडवलंयस हे पहिल्या ओळीतच कळलं. कोण आहे ती? तुमच्या त्या सहा जणांतली का? नाव नको सांगूस, वय सांग, आणि गाडी चालवता येते का तेवढं सांग. नसेल येत तर ह्यांचं म्हणणं, सवलतीत शिकवू. आणि कागदावर सही म्हणजे बढती, एवढं मलाही कळतं. तू कधी आपल्या तोंडाने चांगली बातमी सांगणार आहेस, घुम्या तो घुम्याच.

सिस्टिम घातली! पहिल्याच दिवशी! तू जड होईल म्हणालास ना, म्हणून आधी दोन दिवस बसून जुनी बिलं, जुने अर्ज, सगळं काढून जागा मोकळी केली. हे म्हणाले, "मेहुण्याचं काम आणि आपण मेच्या मध्यावर? लोक काय म्हणतील?" पडद्यावर ते निळं चित्र आलं तेव्हा ह्यांनी मला खूण करून बोलावलं आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. म्हणे, इथे कुठेतरी त्याचा हात लागलाय. आणि खरंच रे, आता गोठत नाही. सलग सगळी वाक्यं घेतं.

तेराशे ऐंशी. रोज सहा-सात होतात. परवा ह्यांनी "अगं ऐकलंस का" हे वाक्य घेतलं. अकरा वेळा घेतलं. अकराव्यांदा जमलं आणि गाडीतच डोळे मिटून बसले. मी काचेबाहेर उभी राहून माइकची वायर गुंडाळत होते, उगीचच.

थोडंच राहिलंय. जूनपर्यंत होतील सोळाशे.

ताई


६ मे

घुम्या,

लगेच काहीतरी कर.

शनिवारी सकाळी ऑफिस उघडलं तर पडदा काळा, आणि त्यावर लाल अक्षरं. तुमच्या सगळ्या फाइल्स बंद केल्यात, पैसे पाठवा, मगच उघडू. ह्यांची सगळी वाक्यं नावाने दिसतात, पण उघडायला गेलं की नुसती खरखर. चौदाशे बारा झाली होती. डिस्कही तशीच. लावूनच ठेवली होती ना, तीही गेली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, पैसे देऊनही लोकांना काही परत मिळालेलं नाही. आपण नक्की काय दाबलंत?

मी काय दाबलं, घुम्या? चार दिवस तेच आठवतेय. शुक्रवारी मी लायसन्सचे अर्ज बघत होते. सातआठ जणांनी आपले फोटो मेलवर पाठवले होते, ते येतातच रोज. एक कुणाचा होता ओळखू आलं नाही, उघडलाही नाही. पण मधे फोन आला होता, मी उठले होते, बसताना हात कुठेतरी लागला असेल. माझ्या हातून काहीतरी झालंय. सहा महिने त्या माणसाने त्या गाडीत बसून घसा फोडला आणि माझ्या एका बोटाने सगळं गेलं.

ह्यांना सांगितलं. बोलणं दोन आठवड्यांत आटत आटत आता जवळजवळ गेलंच. पाटी घेऊन लिहिलं, "असू दे." खाली लिहिलं, "मेहुण्याला कळव, तो करेल." वाक्यं परत म्हणायला गेले तर दहा शब्दांतला एक येतो, तोही मलाच कळतो. नव्याने काहीही होणार नाही.

तू तिथलाच आहेस. तुमच्याच घराच्या कड्या तुला माहीत. तुझ्या पाया पडते, मी तुझ्याहून मोठी असून पडते, साहेबांकडे दाताच्या कण्या कराव्या लागल्या तरी कर. एवढंच आण परत. आणि मी काय चुकीचं दाबलं ते कळलं तर ह्यांच्यासमोर सांगू नकोस, मला एकटीला सांग.

ताई


१८ मे

ताई,

तू काही दाबलं नाहीस. हे आधी वाच, पुन्हा वाच, मग पुढचं वाच. तुझ्या बोटाने काही झालेलं नाही.

तू न उघडलेला तो फोटो आला, आणि तेवढ्यानेच ते आत आले. तीच खिडकी. जानेवारीत मी तुला लिहिली होती तीच. ती कुणी बुजवली नव्हती.

मी दाखवली, तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली. फेब्रुवारीत म्हणाले, बुजवायची तर अर्धं घर उकलावं लागेल, तारीख जाईल. फलक लागलेत, दुकानांत खोकी पोचलीत. सिस्टिम दहा एप्रिलला जाईल, दुरुस्ती चार आठवड्यांनी मागून पाठवू. तोवर कुणाला सुगावा लागला नाही म्हणजे झालं. म्हणून ती सही. आमच्याकडे लाल खुंटी नाही, ताई. मार्चचं तुझं पत्र मी खिशात घालून महिनाभर फिरत होतो.

दोन एप्रिलला मी तुला दोन पत्रं लिहिली. पहिल्यात स्पष्ट लिहिलं होतं: ही सिस्टिम घालू नका, आणि डिस्कची वायर आजच काढा. पाकिटावर पत्ताही घातला. मग वाटलं, दाजी कौतुकाने कुणाला तरी सांगतील, माझं नाव येईल, नोकरी जाईल, वर कोर्ट. आणि वाटलं, चारच आठवडे. जगात एवढे कॉम्प्युटर, आपल्या ड्रायव्हिंग स्कूलपर्यंत कोण येतंय. पहिलं पत्र फाडलं आणि हवा-पाण्याचं दुसरं टाकलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं स्वतःला म्हणत होतो. मार तुम्हाला बसला.

डिस्क लावूनच ठेव, हेही मीच सांगितलं होतं.

दुरुस्ती आठ मेला निघाली. बैल गेला नि झोपा केला. तुझं पत्र आल्यापासून रोज बसलोय, खोलीतले दुसरे दोघेही बसले. कुलूप असं आहे की किल्ली फक्त त्यांच्याकडे, आणि ती माणसं कुठली ते कुणाला माहीत नाही. वाक्यं परत येणार नाहीत. हे लिहायला मला सहा दिवस लागले.

राजीनामा दिला. त्यात मोठेपणा काही नाही, तिथे बसवत नव्हतं. दाजींचं ते एक वाक्य माझ्या फोनमध्ये आहे, माइक तपासायचं. पाठवू का ते विचारायचीही लाज वाटते.

मी येऊ का?

घुम्या


३० जून

ताई,

दीड महिना झाला. पत्र मिळालं एवढं तरी कळव. शिव्या दे. काहीही लिही.

घुम्या


९ जुलै

मेहुणे,

अक्षर बघून दचकू नका. हात आता दुसऱ्या गिअरमध्येच चालतो, वर जात नाही. तुमची ताई लिहिणार नाही. दोनदा कागद घेतला, दोनदा ठेवून दिला. तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं, शेवटपर्यंत, एकदाही न थांबता. मग उठली आणि ते लाल खुंटीवर अडकवलं. अजून तिथेच आहे. शिकायला येणारे विचारतात हे काय, तर ती म्हणते, दुरुस्तीला आहे.

मला एक यंत्र मिळालंय, बटण दाबलं की बोलतं. आवाज बातम्या देणाऱ्याचा. मी "चहा दे" म्हटलं तरी कुठेतरी पूल कोसळल्यासारखं वाटतं. ही पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी मी त्यातून "अगं" म्हटलं आणि ही स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तेव्हापासून मी "अगं" म्हणत नाही, टाळी वाजवतो.

मी रागावलोय. मोठ्याने रागावता येत नाही म्हणून लिहून रागावतो. तुम्हाला गाडी मी शिकवली. माझ्या बाजूला दुसरा ब्रेक का असतो, सांगितलं होतं ना? शिकणारा चुकणारच, त्याला पुढचं दिसत नाही. दिसतं शेजारच्याला. म्हणून ब्रेक शेजारच्याच्या पायाखाली. गाडी आदळली तर मी तीस वर्षांत एकदाही शिकणाऱ्याला बोललो नाही. तुम्ही शेजारच्या सीटवर होतात, मेहुणे, आणि तुमच्या पायाखाली ब्रेक होता. तुम्ही नुसते बघत बसलात.

आता माझं. बाई म्हणाल्या चौदाशेला आणून द्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चौदाशे ओलांडली होती. तेव्हाच दिली असती तर आज हिला हाक मारली असती. सोळाशेचा हट्ट माझा. तो तुमच्या नावावर टाकत नाही.

दुरुस्ती काय ती सांगतो. हिच्यासारख्या अजून किती जणी असतील, "मी काय दाबलं" म्हणून स्वतःला कोसत बसलेल्या. दवाखान्यांत असतील, शाळांत असतील. तुम्ही हिला लिहिलंत तसं त्यांना सांगा. आपल्या नावाने, चारचौघांत. नोकरी तर गेलीच आहे, आता कशाला घाबरता.

आणि ते वाक्य पाठवा. मला नको, माझा आवाज मला माहीत आहे. हिला पाठवा.

येऊ नका अजून. ती म्हणेल तेव्हा या.

दाजी


२ फेब्रुवारी

घुम्या,

हे गेल्याला आज दोन महिने झाले. तू आलास, दारात उभा राहिलास, मी बघितलं आणि आत गेले. मला त्या दिवशी तुझ्याशी बोलवलं नसतं. आजही धड बोलवेल असं नाही, म्हणून लिहितेय.

वर्तमानपत्रात तुझं सगळं छापून आलं ते ऑक्टोबरात ह्यांना वाचून दाखवलं होतं. तुझं नाव, तुझा फोटो, कागदावरची सही, सगळं. हे डोळ्यांनी म्हणाले, पुन्हा वाच. तीनदा वाचलं. त्यानंतर ऑफिसात फोन यायला लागले. तुझा पत्ता कुणाला माहीत नाही, तू आमचं नाव घेतलं नव्हतंस, पण डॉक्टरीणबाईंनी गावभर सांगितलं. गेल्या महिन्यात एका बाईंनी घरी फोन केला, म्हणाल्या, दवाखान्यातले सगळे रिपोर्ट गेले तेव्हा त्यांना कामावरून काढलं होतं, सहा महिने त्या घरात मान वर करत नव्हत्या. "मी काही दाबलं नव्हतं, ताई," एवढंच परत परत म्हणत होत्या. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं. मग आम्ही दोघी फोनवर रडलो. भिंतींपलीकडे आता ऐकणारं कुणी नाही, त्यामुळे मनसोक्त रडले.

डॉक्टरीणबाई पास झाल्या. चौथ्या खेपेला.

तू पाठवलेलं वाक्य मी सहा महिने ऐकलं नव्हतं. हे असताना ऐकायचं धाडस झालं नाही. काल शेडमध्ये गेले, गाडीत त्यांच्या जागेवर बसले, काचा वर केल्या आणि लावलं. तेच रे. अगदी तेच. "मेहुणे" म्हणताना जीभ कशी चटकन वळते बघ, त्या नोव्हेंबरात केवढं सरळ बोलत होते. आपल्या लक्षातच नव्हतं.

तुला एक सांगते, मनात ठेवून कुढत बसले तर वेड लागेल. चौदाशे बारा वाक्यं होती. त्यांत माझ्यासाठी कितीतरी होती. अगं चष्मा कुठे ठेवलास, अगं ऐकलंस का, अगं चल, झोप आता. त्यांतलं एक उरलं नाही. जगात त्यांच्या आवाजातलं एकच वाक्य उरलं आणि ते तुला आहे. मला नाही, तुला. ते ऐकताना मला तुझा इतका राग येतो की गाडीतून उतरावंसं वाटतं. उतरत नाही. पुन्हा लावते. ते विचारतात, "ऐकू येतंय का? येत असलं तर बोला की काहीतरी!" तू तेव्हा नुसता अंगठा दाखवला होतास ना? म्हणून आता मीच म्हणते. येतंय हो, ऐकू येतंय. काल आठनऊ वेळा म्हटलं असेन.

तुझं पत्र अजून लाल खुंटीवरच आहे. ते मी आज काढणार नाही, कधी काढीन तेही सांगत नाही. पण रविवारी ये. शेडमध्ये मी काचा वर करून बसलेली असेन. शेजारच्या सीटवर बस, ते वाक्य लाव, आणि त्यांनी विचारलं की तुझ्या तोंडाने उत्तर दे.

येताना जेवून येऊ नकोस.

ताई